जोड वेळेवर लागली पाहिजे

रविवार, 20 जुलै 2025 रोजी संध्याकाळी रत्नागिरीत, मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, चहाच्या टपरीला लागून असलेल्या आमच्या चिऱ्याच्या कट्ट्यावर जी चर्चा झाली, ती विसरण्याआधी लिहून ठेवावी असे मला वाटले. पावसाने जरा उघडीप दिली होती, समुद्र मात्र खवळलेलाच होता. पावसाळी मासेमारी बंदीमुळे नाखवाची बोट मिरकरवाड्यात उभी होती आणि तो फाटलेले जाळे सांधायला कट्ट्यावरच घेऊन बसत असे. त्या दिवशीचा चहा आणि कांदाभजी त्याच्या खात्यावर होती. वेम्बलीच्या मैदानावर मुष्टियुद्धाच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड, वजनगटाच्या सामन्यात ब्रिटनचा डॅनियल द्युबॉइस युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकला आडवा करणार, असे तो आठवडाभर छातीठोकपणे सांगत होता, आणि त्याच दिवशी पहाटे, म्हणजे लंडनच्या शनिवारी रात्री, उसिकने पाचव्या फेरीत द्युबॉइसला दोनदा पाडून सामना संपवला होता.

नाखवाचे भाकीत वेडगळ नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. उसिक 38 वर्षांचा, द्युबॉइस 27 वर्षांचा. शिवाय द्युबॉइस उंचीने जास्त आणि वजनाने चांगला सात किलोंनी जड. दोघांची पहिली गाठ ऑगस्ट 2023 मध्ये पोलंडमध्ये पडली, तेव्हा पाचव्या फेरीत द्युबॉइसचा एक ठोसा उसिकच्या कमरेवर बसला आणि उसिक खाली गेला. पंचांनी तो ठोसा कमरपट्ट्याखालचा ठरवून उसिकला सावरायला वेळ दिला आणि पुढे नवव्या फेरीत उसिक जिंकला. तो ठोसा नियमात होता की नाही, यावर जगभर भांडणे झाली. त्यानंतर सप्टेंबर 2024 मध्ये द्युबॉइसने याच वेम्बलीत अँथनी जोशुआसारख्या ऑलिंपिक विजेत्याला पाचव्या फेरीत गारद केले होते. नाखवाचे म्हणणे साधे होते: "तरणा पोरगा आहे, एकदा त्याला कमी लेखून झाले, आता तो वसूल केल्याशिवाय राहणार नाही."

माझ्या भाच्याने मोबाइलवर ती पाचवी फेरी पुन्हा लावली आणि आम्ही पाच जण त्या वीतभर पडद्यावर वाकलो. सगळ्यांचे लक्ष उसिकच्या डाव्या हाताकडे होते, कारण त्याच हाताचा लांबून वळसा घेऊन आलेला ठोसा द्युबॉइसच्या जबड्यावर बसला आणि सामना तिथेच संपला. आमच्यातला पैलवान मात्र म्हणाला, "हाताकडे काय बघताय, पायाकडे बघा." तो मूळचा कोल्हापूरकडचा, तारुण्यात लाल मातीत घाम गाळलेला, आंबा घाट उतरून नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच झाला. त्याने चित्र थांबवायला लावून दाखवले की डावखुरा उसिक आपला उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवतो, त्यामुळे द्युबॉइसला दर वेळी आधी वळावे लागते आणि मगच मारता येते. वळण्यात जेवढा क्षण जातो तेवढ्यात उसिक जागेवर नसतो. नाखवाने जाळ्याची सुई दातात धरली, दोन्ही पाय कट्ट्याखाली सोडून स्वतःच तसे उभे राहून पाहिले आणि मग प्रामाणिकपणे कबूल केले की वजन आणि वय मोजताना त्याने पाय मोजलेच नव्हते.

इथपर्यंत सगळे एकमताचे होते. वाद सुरू झाला तो भाच्याच्या एका वाक्याने. तो म्हणाला, "मामा, उसिक मोठा आहे हे मला मान्य आहे, पण माझ्या वर्गात त्याचे नाव माहीत असलेला एकही मुलगा नाही. त्यांना टायसन आणि जेक पॉल माहीत आहेत." 15 नोव्हेंबर 2024 रोजी टेक्सासमधल्या अर्लिंग्टनला झालेला त्या दोघांचा सामना आमच्या कट्ट्यानेही पाहिला होता. त्याच कार्यक्रमात आपला नीरज गोयतही लढला, म्हणून आम्ही सकाळपासून बसलो होतो. 58 वर्षांचा माजी विश्वविजेता माइक टायसन, त्याच्यापुढे यूट्यूबवरून आलेला 27 वर्षांचा जेक पॉल, दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, आणि शेवटी गुणांवर पॉलचा विजय. टायसन पहिल्या दोन फेऱ्यांनंतर जवळजवळ हललाच नाही, हे पाहताना मला खरोखर वाईट वाटले होते. भाच्याचा मुद्दा असा की ज्या वजनगटात लोकांना ओढून आणण्यासाठी साठीकडे झुकलेल्या माणसाला उभे करावे लागते, तो गट संपत आला आहे.

तात्या हे ऐकून अस्वस्थ झाले. ते निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि त्यांची सगळी तरुण वर्षे महंमद अलीच्या काळात गेलेली. त्यांनी 1974 सालचा सामना काढला. "अलीला आधी जो फ्रेझियरने हरवले होते आणि केन नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. त्या दोघांनाही जॉर्ज फोरमनने दोन-दोन फेऱ्यांत उडवले, फ्रेझियरला तर सहा वेळा पाडले. आता सांगा, अली आणि फोरमन लढले तर कोण जिंकणार? शाळेतला कुठलाही मुलगा त्रैराशिक मांडून सांगेल की फोरमन. आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात आठव्या फेरीत फोरमन खाली होता." तात्यांचे म्हणणे असे की त्या काळी भाकीत करण्यात गोडी होती, कारण प्रत्येक जण प्रत्येकाशी लढत होता आणि एका सामन्याचे उत्तर पुढच्या सामन्याचा प्रश्न होत होते. अली आणि फ्रेझियर 1971 ते 1975 या साडेचार वर्षांत तीनदा लढले. पहिल्या लढतीत फ्रेझियरने पंधराव्या फेरीत अलीला पाडले, आणि तिसऱ्या लढतीत, मनिलाला, चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरच्या प्रशिक्षकानेच त्याला पुढे जाऊ दिले नाही.

मी शाळकरी होतो तेव्हाची माझी आठवण 11 फेब्रुवारी 1990 ची आहे. तोक्योत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत पाडले. मुंबईचे वृत्तपत्र आमच्याकडे उशिरा पोचत असे आणि ती बातमी ज्याने वाचली तो धावत नाक्यावर आला होता. डग्लसवर पैज लावणाऱ्याला एकास बेचाळीसचा भाव मिळत होता, हे मला पुढे कळले. पण त्या दिवशी, ज्यांनी टायसनला कधी लढताना पाहिलेही नव्हते अशी मोठी माणसे नाक्यावर गप्प उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हेवीवेटच्या विजेत्याचे नाव तेव्हा मुष्टियुद्धाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही ठाऊक असे. त्या अर्थाने भाचा खरे बोलत होता आणि ते मान्य करायला मला जड गेले.

मग काय बदलले? नाखवा म्हणाला की लढणारे कमी प्रतीचे झाले. मला हे पटत नाही. ज्या माणसाने लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवले, खालच्या क्रूझरवेट गटाचे विजेतेपदाचे सर्व पट्टे 2018 पर्यंत गोळा केले आणि मग वर येऊन जोशुआला दोनदा, ब्रिटनच्याच फ्युरीला दोनदा आणि द्युबॉइसला दोनदा हरवले, तो कुठल्याही काळात टिकला असता. उलट पूर्वीचे विजेते आकाराने लहान होते. एकही सामना न हरता निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो सुमारे 84 किलोंचा. आज हेवीवेटची सीमा 90.7 किलोंच्या वर सुरू होते आणि तो क्रूझरवेटमध्ये मोजला गेला असता. वरच्या बाजूला मात्र सीमाच नाही, त्यामुळे सव्वाशे किलोंचे देह एकमेकांना मिठ्या मारून दमतात आणि पाहणारा कंटाळतो, एवढे मी नाखवाला मान्य केले.

पैलवानाने मात्र नेमके बोट ठेवले. कुस्तीच्या मैदानात जत्रेची पंचकमिटी जोड लावते. अमुक गावचा अमुक, तमुक तालमीचा तमुक, दोघेही भरात, आणि कुस्ती निकाली. "जोड तुल्यबळ असली आणि वेळेवर लागली, तर भर उन्हात माणूस झाडावर चढून बघतो. तीच जोड पाच वर्षांनी लावा, एकाचा गुडघा गेलेला आणि दुसऱ्याचे पोट सुटलेले, तर लोक घरी जातात." त्याच्या मते हेवीवेटमध्ये पैलवान आहेत, मैदान आहे, फक्त जोड लागत नाही.

मला वाटते हेच खरे आहे, आणि याची उदाहरणे मला त्या संध्याकाळी एकामागून एक आठवत गेली. लेनॉक्स लुईसने 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात रिडिक बोवला हरवले. पुढे दोघेही व्यावसायिक झाले, बोव विजेता झाला, आणि लुईसशी लढण्याऐवजी त्याने 1992 साली लंडनमध्ये डब्ल्यूबीसी या संघटनेचा आपला पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती लढत व्यावसायिक रिंगणात कधीच झाली नाही. लुईस आणि टायसन अखेर भिडले ते जून 2002 मध्ये, टायसनची चांगली वर्षे सरून गेल्यावर. क्लिच्को बंधूंनी आईला शब्द दिला होता की आपण एकमेकांशी लढणार नाही. मुलगे म्हणून त्यांचे काही चुकले नाही, पण काही वर्षे जगातले पहिले दोघे एकाच घरात होते आणि त्यांची जोड लागणे शक्यच नव्हते. आणि फ्युरी विरुद्ध जोशुआ हा सामना तर 2021 च्या ऑगस्टमध्ये ठरल्यासारखाच होता, पण फ्युरीने अमेरिकेच्या वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढलेच पाहिजे असा लवादाचा निर्णय आला आणि सगळे मोडले. त्या वर्षी आमच्या कट्ट्यावर त्या सामन्याची भाकिते दोन महिने चालली होती. त्यांचे उत्तर कुणालाच मिळाले नाही, आणि उत्तर न मिळणाऱ्या प्रश्नावर माणसे फार काळ भांडत नाहीत.

चाचांनी इथे हस्तक्षेप केला, आणि तो योग्य होता. ते अनेक वर्षे जेद्दाला नोकरीला होते. ऑगस्ट 2022 मध्ये उसिक आणि जोशुआ यांची दुसरी लढत तिथे झाली, तेव्हा तिच्या फलकांखालून ते रोज कामावर जात. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता जोड लागत नाही. मग लावली कुणी? सौदीच्या पैशाने लावली. लुईसने 1999 मध्ये सगळे पट्टे एकत्र केले, त्यानंतर पंचवीस वर्षे कुणालाच जमले नाही. ते 18 मे 2024 ला रियाधमध्ये जमले." त्या रात्री उसिकने फ्युरीला नवव्या फेरीत जवळजवळ संपवले होते आणि तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकांवर तो जिंकला. चाचांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. पण पुढचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. चार संघटना, चार पट्टे, प्रत्येकीचा स्वतःचा ठरवलेला आव्हानवीर. उसिकला आयबीएफ या संघटनेच्या आव्हानवीराऐवजी फ्युरीशी दुसरी लढत करायची होती, म्हणून जूनमध्ये तिचा पट्टा त्याच्या हातून गेला. पंचवीस वर्षांनी मिळालेला निर्विवाद विजेता जेमतेम महिनाभर टिकला. रस्त्यावरच्या माणसाने विजेता कोण असे विचारले, तर बहुतेक वेळा एका नावात उत्तर देता येत नाही, आणि ज्याचे उत्तर एका नावात देता येत नाही ते तो लक्षात ठेवत नाही.

भाच्याने आणखी एक गोष्ट सुचवली, जी मी पूर्वी नीट विचारात घेतली नव्हती. ओढ कमी झाली ती कुणाची? एप्रिल 2017 मध्ये जोशुआ आणि व्लादिमिर क्लिच्को यांना पाहायला वेम्बलीत 90,000 माणसे होती, आणि आदल्या रात्रीही मैदान भरलेले होते. अमेरिकेत मात्र वाइल्डर सोडला तर बरीच वर्षे मोठा हेवीवेट उभा राहिला नाही. तिथली धिप्पाड मुले फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातात, जिथे डोक्याला मार कमी नसला तरी पगार निश्चित असतो. आपल्याला मुष्टियुद्धाच्या बातम्या वर्षानुवर्षे अमेरिकेच्या खिडकीतून मिळत आल्या, त्यामुळे तिथे दिवा मंद झाला की आपल्याला सगळीकडे अंधार वाटतो. हे मला पटले.

तात्यांनी मध्येच कौर सिंग यांची आठवण काढली. जानेवारी 1980 मध्ये दिल्लीत अलीसमोर चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढतीत उतरलेला आणि 1982 च्या एशियाडमध्ये हेवीवेटचे सुवर्ण मिळवणारा हा जवान आज किती जणांना आठवतो? आणि सतीश कुमार, ज्याने तोक्यो ऑलिंपिकमध्ये चेहऱ्यावर 13 टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोवशी सामना खेळला? तो हरला, पण उतरला. कट्टा थोडा वेळ गप्प झाला, आणि मला वाटते ते योग्यच होते.

निघण्यापूर्वी भाच्याने पुढची पैज मांडली. वीस वर्षांचा मोझेस इटाउमा, तोही डावखुरा, 16 ऑगस्टला रियाधमध्ये डिलियन व्हाइटशी लढणार होता. भाचा म्हणाला तीन फेऱ्यांच्या आत. नाखवा या वेळी अनुभवाच्या बाजूने गेला. पैलवानाने पैज घेण्यास नकार दिला, कारण व्हाइट 37 वर्षांचा आहे आणि ही जोडच नाही, असे त्याचे मत होते. इटाउमाने तो सामना पहिल्याच फेरीत संपवला.

नाखवा तोवर बंदी उठून समुद्रात गेला होता. परतल्यावर त्याने न सांगता चहा मागवला, ग्लास हातात घेतला आणि विचारले, "मग ह्या पोराची आणि उसिकची गाठ कधी?" भाच्याने मोबाइल चाळला आणि मान हलवली. तात्या म्हणाले की येत्या 17 जानेवारीला उसिक 39 वर्षांचा होतो.