उन्हाळ्यात लॅबमध्ये शिरण्याचे खात्रीशीर उपाय

अकरावीचा पेपर संपला आणि पोरीला सुट्टीत लॅबमध्ये काम करायची हौस आली, तर राजेहो, मुळीच घाबरू नका. आपलं नागपूर भाग्याचं. पर्यावरणाचं संशोधन करणारी नीरी इथे, कापसाचं संशोधन इथे, संत्र्याचंही इथेच. पोरगी सीताबर्डीला राहते की सोमलवाड्याला, एवढाच काय तो प्रश्न.

सगळ्यात आधी वय नीट निवडा. इस्रोच्या युविकाला, म्हणजे शाळकरी मुलांच्या अवकाश शिबिराला, नववीतलीच मुलं चालतात. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप डिग्री कॉलेजात गेल्यावर. अकरावीला केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेचं विज्ञान शिबिर आहे, पण दहावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर. तेही पाच दिवसांचं. बाकीच्यांनी कुतूहल बारावीपर्यंत माळ्यावर टाकावं.

शास्त्रज्ञांना ईमेल करायचा असेल तर करा. टायपिंग सुधारतं.

मग पत्र. माती तपासणाऱ्या एका लॅबमध्ये भाचीला घेऊन गेलो, नाव सांगत नाही. मे महिना, ऊन कसं ते नागपूरकरांना काय सांगायचं! फाटकावर म्हणाले, प्राचार्यांचं पत्र आणा. कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणे, साहेब सुट्टीवर, जूनच्या शेवटी या. म्हणजे जूनच्या शेवटी पत्र घ्यायचं आणि मे महिन्यात काम करायचं! एकाची ओळख काढून लॅबमध्ये शिरलो. तिथले साहेब म्हणाले, "मुलगी मायनर आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" आणि व्हरांड्यात काय? पेरणीआधीचे दिवस, शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्या भिंतीला लागून रचलेल्या, काहींच्या चिठ्ठ्या सुटलेल्या. एकटा माणूस लाकडी मोगरीनं ढेकळं फोडतोय, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतोय. ॲसिड नाही, आग नाही. चिठ्ठ्या लावायला, नोंदी करायला पोरगी फुकट तयार! तेवढ्यात साहेबांचा चहा आला. आणणारा पोरगा माझ्या भाचीपेक्षा लहान. त्याच्याकडे पत्र मागितलं नव्हतं कुणी.

पैसे भरून ऑनलाइन इंटर्नशिप? घ्या की. सर्टिफिकेट आधी येतं.

काका आत नोकरीला असतील तर वरचं काहीच वाचू नका.

अहो लॅबवाले साहेब, १४ वर्षांवरच्या मुलांना धोका नसलेलं काम द्यायला कायद्याचीही ना नाही. तुमचीच आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, हीच पोरं बसा भरभरून आणता, रांगेत फिरवता, फोटो काढता. तेव्हा मायनर नसतात का ती? तेव्हा जबाबदार कोण असतं? भाची आता नीटच्या क्लासला बसते. तिथे पत्र लागलं नाही, चेक लागला. आणि तुम्ही सत्काराच्या खुर्चीत बसून सांगणार, आजच्या मुलांना मूलभूत विज्ञानात रस नाही! एक साधा फॉर्म काढा, पालकांची सही घ्या, चार पोरांमागे एक माणूस नेमा. एवढंही जमत नसेल तर निदान ते भाषण तरी ठोकू नका.