सहाशे पीस बोनस

मागच्या महिन्यात एका कस्टमरला मेल लिहायचा होता. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, तिथे मी क्वालिटी बघते. गेल्या वर्षी १०,००० पीसच्या लॉटमागे ३०० रिजेक्ट निघायचे, यंदा १०० वर आलेत. आता ही सांगण्यासारखीच गोष्ट ना! ऐटीत लिहिलं, 'रिजेक्शन इज थ्री टाइम्स लेस दॅन लास्ट इयर.'

सेंड दाबायला बोट गेलं आणि थबकलं. माझ्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायचं (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली), आणि पाचवीत जी धडकी भरली ती अजून पुरती गेलेली नाही. ऑफिसात कुणाला विचारावं तर 'क्वालिटीच्या मॅडमना एवढंही येत नाही' हे संध्याकाळच्या आत डिस्पॅचला पोचतं. फोनमधल्या व्याकरण तपासणाऱ्या ॲपला दाखवलं. त्याने बरोबरची खूण केली आणि मोकळं झालं.

शेवटी घरी जाताना टीएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या आमच्या चौघांच्या चॅटवर टाकलं. चौघं म्हणजे इथेच फेसबुकवर शब्दकोड्यांवरून भांडता भांडता जमलेले. एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. नागपूरचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सर म्हणतो. मस्कतला नर्स असलेली रत्नागिरीची ताई. ऐरोलीचा एक पोरगा, तो जपानी शिकतोय. आणि मी.

तीन हात नाका यायच्या आत सरांचं उत्तर. "३०० ची तिप्पट किती? ९००. ३०० मधून ९०० वजा कर बघू. उणे ६००. म्हणजे रिजेक्शन राहिलं बाजूला, वर ६०० पीस बोनस दिलेत की काय?"

मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या आजी सरकून बसल्या. पुढे सरांनी लिहिलं होतं, इंग्रजीत असं लिहिणारे ढिगाने आहेत आणि वाचणाऱ्याला अर्थ बहुतेक वेळा कळतोही. पण तुझ्या क्वालिटी रिपोर्टमध्ये 'बहुतेक' चालतं का? नाही चालत. आणि 'थ्री टाइम्स मोअर'चा घोळ तर याहून मोठा. १०० चे ३०० झाले, की १०० वर आणखी ३०० चढून ४००? इंग्रजीला हसू नका, आपल्याकडेही तेच आहे. 'तिप्पट झाले' आणि 'तिपटीने वाढले' यांत फरक आहे का, हे आज रात्री घरी विचारून बघा. जेवणं थंड होतील.

मेल शेवटी असा गेला: 'रिजेक्शन केम डाउन फ्रॉम ३०० टू १००.' मला मात्र चटक लागली.

माझं मत असं झालंय की तुलनेच्या वाक्यात आपण गडबडतो त्याला आपलं कच्चं इंग्रजी जेवढं कारणीभूत, तेवढाच आपला गुणी 'पेक्षा'. 'ठाण्याचा पाऊस पुण्यापेक्षा जास्त' म्हटलं की ऐकणारा पुण्याचा पाऊस मनातल्या मनात धरून घेतो. हेच 'द रेन इन ठाणे इज हेवीअर दॅन पुणे' असं उतरवलं की एका पारड्यात पाऊस आणि दुसऱ्यात शनिवारवाड्यासकट अख्खं पुणं. तिथे 'दॅन इन पुणे' हवं. एवढासा 'इन'! तसंच 'ठाणे इज बिगर दॅन एनी सिटी इन द डिस्ट्रिक्ट'. जिल्ह्यातल्या शहरांत ठाणंही आलं, म्हणजे ते स्वतःपेक्षाही मोठं ठरलं. म्हणून 'एनी अदर'. शाळेत डिग्री बदलताना हा 'अदर' मी कितीदा खाल्ला आणि कितीदा अर्धा मार्क गेला. का गेला, ते कळायला सर भेटावे लागले.

'सीनियर'च्या बाबतीत मात्र आपण आधीच जिंकलोय. 'सीनियर'पुढे 'दॅन' नाही, 'टू' लावायचा, हा नियम मी घोकून ठेवला होता. ताई म्हणाली, घोकायचं काय त्यात, हॉस्पिटलात आपण 'ती मला सीनियर आहे' असंच म्हणतो की! खरंच, 'मला'. लॅटिनमध्ये तो शब्द मुळातच 'अधिक वयाचा' असा आहे, तुलना पोटात घेऊनच आलेला. आपला 'ज्येष्ठ' तर संस्कृतात थेट 'सर्वांत थोरला', आणि तरी आपण 'सर्वांत ज्येष्ठ' म्हणतोच.

मला राग येतो तो 'करेक्ट सेंटेन्स' फेकून निघून जाणाऱ्यांचा. 'सासूबाईंना टॉमी माझ्यापेक्षा जास्त आवडतो.' करा इंग्रजी! मला जितका आवडतो त्यापेक्षा, की मी जितकी आवडते त्यापेक्षा? 'दॅन आय डू' की 'दॅन शी लाइक्स मी', हे मला विचारल्याशिवाय कोण ठरवणार? (मला माहीत आहे. सांगणार नाही.)

आणि तो देवमासा. सरांनी एकदा कोडं टाकलं, 'अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज.' मी लिहिलं, देवमासा घोड्यापेक्षा जास्त मासा नाही. शब्द सगळे जागेवर, अर्थ गटांगळ्या खातोय. घोडा थोडा तरी मासा असतो का? ऐरोलीकर उसळला. जपानमध्ये हे वाक्य इतकं घोटून घेतात म्हणे, की या रचनेचं नावच तिकडे 'देवमाशाची रचना' पडलंय. घोडा मासा नाही हे पटतं ना, मग देवमासाही तितकाच नाही, असं ते वाक्य म्हणतं. मी हटून बसले. आमच्याकडे तर त्याच्या नावातच मासा आहे! पाऊण तास काथ्याकूट. मग मस्कतहून रात्रपाळीतली ताई उगवली. "अगं, 'तो डॉक्टर, तर मी कलेक्टर!' तेच आहे हे."

पाऊण तासाचा गुंता एका ओळीत सुटला. व्याकरणाचा एक शब्द न वापरता.

गेल्या आठवड्यात एका सप्लायरचं टेस्ट सर्टिफिकेट आलं. सगळे आकडे मागच्याच लॉटचे, फक्त तारीख बदललेली. उत्तरात देवमासा घालायला हात नुसते शिवशिवत होते. 'प्लीज सेंड द टेस्ट सर्टिफिकेट' एवढंच लिहिलं.