ज्यूलीबाईंच्या स्वयंपाकघरात मध्यंतर नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला नाटकाचं वेड असेल तर त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात एखादा इन्स्पेक्टर करावा, फोटो फेसबुकवर टाकावेत आणि गप बसावं. आमच्या मित्राचं तेवढ्याने भागत नाही. युरोपातली एखादी कंपनी नॉर्वेच्या इब्सेनचं नाहीतर स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गचं नाटक घेऊन न्यूयॉर्कला येतेय असं कळलं की हा आधी तिकिटं काढतो आणि मग फोन करतो. "अरे आपलं 'आंधळ्यांची शाळा' ब्यॉर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरूनच घेतलेलं, १९३३ साली, म्हणजे घरचंच झालं की!" आता पैसे त्याने भरलेले असतात, त्यामुळे वाद घालता येत नाही.

या नाटकांतल्या दुःखाची माझी तक्रार नाही, ते आपण लहानपणापासून तिकीट काढून बघत आलोय. तक्रार आहे मध्यंतराची, म्हणजे ते नसतं याची. आपल्याकडे नाटक कितीही पडेल असो, अंक संपला की बटाटेवडा आहे, चहा आहे, आणि बाथरूमच्या रांगेत "पहिला अंक जरा लांबलाच नै?" म्हणणारं कोणीतरी आहे. इकडे दिवे गेले की गेले. आणि हे आजकालच्या दिग्दर्शकांचं खूळ नाही बरं का, स्ट्रिंडबर्गने १८८८ सालीच 'मिस ज्यूली'च्या प्रस्तावनेत चक्क लिहून ठेवलंय की मध्यंतर दिलं तर प्रेक्षक विचार करायला लागतो आणि लेखकाच्या संमोहनातून सुटतो, म्हणून अंकच नकोत. वर म्हणतो, लोक एवढा वेळ प्रवचन ऐकतातच ना. अहो, पण प्रवचनातून हळूच मागच्या मागे सटकता येतं! इथे रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाने उठायचं म्हणजे अकरा गुडघे ओलांडायचे.

आम्ही बघायला गेलो तेही हेच 'मिस ज्यूली', आणि त्यात ते घडतं स्वयंपाकघरात. आम्ही ऑफिसातून सुटून एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने पेन स्टेशन, तिथून सबवेने ब्रुकलिन, पोटात सकाळचा उपमा, आणि पडदा उघडतो तर स्वयंपाकीणबाई वासराचा गुर्दा परततायत, स्टेजवर खराखुरा, लोण्यात. मी गुर्दा खात नाही, पण त्या दिवशी खाल्ला असता. तो नोकर जाँ आरामात बसून जेवतो, मालकाची वाइन पितो, आणि वर कुरकुर काय तर प्लेट गरम का नाही केलीस! यापुढे मालकाच्या मुलीचं, म्हणजे ज्यूलीबाईंचं, काय होतं याच्याशी मला फारसं देणंघेणं उरलं नाही. नंतर तिचा पाळलेला पक्षी खाटकाच्या ठोकळ्यावर मारतात, तेव्हा कुठे भूक गेली.

आणि ती सबटायटल्स! संवाद स्वीडिशमध्ये, पाटी इंग्रजीत, तीही स्टेजच्या पार वर, म्हणजे वाचायला मान वर करा तोवर खाली कोणी कोणाला काय केलं ते हुकतं. विनोदावर आपण हसतो तेव्हा नटाचं वाक्य अजून अर्धंच झालेलं असतं, तो बिचारा दचकतो. बाहेर पडताना लोक नटांच्या डोळ्यांतल्या वेदनेबद्दल बोलत होते, हे लोक वाचत कधी होते कोण जाणे. आमच्या मित्राने तर मानेला लावायचं बाम खिशातच ठेवलं होतं, अनुभवी माणूस.

कहर झाला तो 'एनिमी ऑफ द पीपल'ला. नाटक इब्सेनचं, नट बर्लिनचे, भाषा जर्मन, पाटी इंग्रजी, डोकं माझं मराठी. गावातल्या औषधी स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे डॉक्टर स्टॉकमन सांगतो आणि सगळं गाव त्याच्यावर उलटतं. तर त्या जाहीर सभेच्या प्रवेशात त्यांनी प्रेक्षागृहातले दिवे लावले, इंग्रजीत विचारलं, तुमचं मत काय, आणि माइक फिरवायला सुरुवात केली. मी शेजारी बघितलं तर मित्राचा हात वर. हा माणूस मंडळाच्या एजीएममध्ये हिशोबाच्या विषयावर पाऊण तास बोलू शकतो, मी त्याचा शर्ट ओढत होतो, पण उपयोग शून्य. त्याने माइक घेतला आणि पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटच्या टँकरच्या पाण्याबद्दल सुरू केलं. चेअरमन, मेंटेनन्स, बोअरवेलचा रिपोर्ट दाबून ठेवला, सगळं. लोक टाळ्या वाजवत होते हो! स्टेजवरचा नटही अगदी गंभीरपणे मान हलवत होता, बहुतेक त्याला वाटलं हे आधीच ठरलेलं आहे.

मग नाटक पुढे सरकलं, आणि गावकऱ्यांनी त्या स्टॉकमनवर रंग भरलेले फुगे फेकून त्याला पार रंगवून काढलं. मित्र कानात म्हणाला, "बघितलंस? आमचा चेअरमन निदान नुसतं पत्र पाठवतो."