उसुक हसी ऐतरी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतून नग करायच्या कारखान्यात, मी मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामाचा, इनचार्ज आहे. सकाळच्या शिफ्टला आमचे एक जुने मोल्डर मुठीत वाळू घेऊन आले. बैलहोंगलकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मूठ दाबली, उघडली, वाळू तळहाताला चिकटून राहिली. कन्नडमधून म्हणाले, "साहेबर, उसुक हसी ऐतरी." वाळू ओली आहे.

माझ्या हातात लॅबचा रिपोर्ट होता. ओलावा साडेतीन टक्के, म्हणजे हवा तेवढाच. गाडी भरायची घाई होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतंय काय? जावा, काम बघा." त्यांनी हात झटकला आणि गेले.

दोन दिवसांनी मशीन शॉपमधून फोन आला. वरून चांगले दिसणारे नग कट घेतल्यावर आतून ब्लोहोलनी, म्हणजे पोकळ्यांनी, भरलेले. वाळूत पाणी जास्त झालं की चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओतताच त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते. २०० पैकी १४० नग परत भट्टीत गेले. ओलावा मोजायचं यंत्रच चुकीचं दाखवत होतं.

मॅनेजरना मी तेवढंच सांगितलं. यंत्राची चूक. खोटं नव्हतं, पण मामा आधी सांगून गेले होते हे मी गाळलं. वाळूपेक्षा ते गाळणं मला जास्त लागलं. आणखी एक कबूल करतो. ते कन्नडमधून बोलले म्हणूनही मी अर्ध्या कानानं ऐकलं. मराठीवर माझी माया आहे, ती राहणारच. पण त्या मायेचा आणि त्या दिवशीच्या माझ्या ताठ्याचा काही संबंध नव्हता.

रोज काँग्रेस रोडनं कामाला जातो. १९२४ च्या डिसेंबरात इथे टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, हे शाळेपासून ऐकतोय. त्याच अधिवेशनात त्यांनी काय सोडलं ते मात्र मी उशिरा वाचलं. कौन्सिलात, म्हणजे इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात, जायला त्यांचा विरोध होता. तरी काँग्रेसमधल्याच स्वराज पक्षानं काँग्रेसच्या वतीनं कौन्सिलात काम करावं, या समझोत्याला त्यांनी अध्यक्षपदावरूनच मान्यता मिळवून दिली. मत बदललं नव्हतं, हट्ट सोडला होता. खुर्ची हातात असताना हे करणं किती अवघड, ते मला त्या आठवड्यात कळलं.

केबिनमध्ये बोलावून माफी मागणं सोपं होतं. पण अपमान शॉपवर केला होता. चौथ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "मामा, तप्पु नंदरी." चूक माझी. आवाज फुटत नव्हता. मामा काही बोलले नाहीत, फावडं उचलून कामाला लागले. मॅनेजरनाही त्याच दिवशी पूर्ण गोष्ट सांगितली.

मऊ बोलणाऱ्या साहेबाला आपण नम्र म्हणतो. मला ते पुरेसं वाटत नाही. खालच्या माणसाला आपल्याला थांबवता आलं पाहिजे. म्हणून आता मोल्डरनं वाळूवर शंका घेतली की ओतणं थांबतं. रिपोर्ट काहीही म्हणो, नवा नमुना घ्यायचा. वरच्यांना हे पटवायला मला दोन बैठका लागल्या.

गेल्या महिन्यात एका नवीन पोरानं थांबवलं. खानापूरकडचा, कामावर येऊन तीन महिने झालेले. नमुना दोनदा बघितला, वाळू बरोबर होती. पाऊण तास गेला, भट्टीत लोखंड धरून ठेवावं लागलं, त्याला वीज खर्ची पडली ती वेगळी. पोरगं मान खाली घालून उभं होतं. जुना राग माझ्या घशापर्यंत आला होता. मी त्याच्या हातातली वाळू माझ्या मुठीत घेतली, दाबली, आणि म्हटलं, "उद्या परत शंका आली तर परत थांबव."

पलीकडून मामा बघत होते.