हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही. तिथे घडलं ते तीस वर्षांनी

ऑगस्ट उजाडला की कोकणातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर न चुकता फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावून हेलियम वायूचा शोध लावला. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे आजही याची साक्ष देतात. परदेशी लोकांनी आणि आपल्याच इतिहासकारांनी ही गोष्ट दडवून ठेवली. गावोगावची इतिहास मंडळं काय करतात मग? अभिमान असेल तर पुढे पाठवा.’

शेवटचा प्रश्न आमच्यासारख्यांना उद्देशून आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. मी अशाच एका लहानशा मंडळात काम करतो. जुने कागद, वीरगळ, पडके वाडे, बांधावरचे कोरीव दगड यांच्या नोंदी ठेवणं एवढाच आमचा व्याप. या मजकुरातली एक गोष्ट खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. लॉकियरसाहेब विजयदुर्गाला खरोखर आले होते. फक्त १८६८ साली नव्हे.

‘१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर विजयदुर्गावर होते’

नव्हते. त्या दिवशी ते इंग्लंडात होते. तेव्हा ते ‘सर’ही झाले नव्हते, लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात आकाश बघणारे गृहस्थ होते. सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वाळा ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, दिसायला हव्यात, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी बनवायला टाकलेलं उपकरण रखडत रखडत १८६८ च्या ऑक्टोबरात हाती आलं आणि २० ऑक्टोबरला त्यांना त्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर, भर उजेडात, इंग्लंडमधूनच.

१८ ऑगस्टचं ग्रहण पाहायला हिंदुस्थानात आलेला मोठा माणूस वेगळाच होता. फ्रान्सचा पिएर जान्सन. त्याने आंध्रातल्या गुंटूरहून ग्रहण पाहिलं आणि या रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही दिसतील, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते करूनही पाहिलं. त्याचं पत्र बोटीने मजल दरमजल करत पॅरिसच्या अकादमीत पोचलं आणि नेमकी लॉकियर यांची बातमीही तिथे त्याच बैठकीत वाचली गेली. तारीख २६ ऑक्टोबर १८६८. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. हा मान होता ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीचा, वायूचा नव्हे.

वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागी पडतात. त्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांजवळ एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी ती अनेकांनी पाहिली आणि बहुतेकांनी सोडियमचीच समजली. ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही हे लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये बसून दाखवलं आणि पुढे रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर काम करताना एका नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, कल्पना पुढे आली. थोडक्यात, शोध काही एका दिवसात, एका जागेवर लागलेला नाही. पण ज्या जागांची नावं त्यात घ्यावी लागतात त्यांत विजयदुर्ग येत नाही.

आता कोणी म्हणेल, ग्रहणाचा पट्टा तर आपल्या किनाऱ्यावरूनच गेला होता. गेला होता, त्याबद्दल वाद नाही. पण तारीख परत वाचा. १८ ऑगस्ट, श्रावणातली अमावास्या. श्रावणात आपल्या किनाऱ्यावर सूर्य किती वेळ दिसतो हे इथल्या माणसाला वेधशाळेने सांगायला नको. लाखमोलाची उपकरणं घेऊन सहा-सात हजार मैलांवरून येणारा माणूस ऐन पावसाळ्यात कोकणपट्टीवर तंबू ठोकेल कशाला? त्या वेळच्या निरीक्षकांनी घाट ओलांडून पलीकडची, कमी पावसाची ठिकाणं धरली. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता, कॅप्टन हेग विजापूरला. तिथेही ढगांनी त्यांना छळलंच. मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला होता. त्याचंही पहिलं नाव नॉर्मनच, हा आपला एक योगायोग. याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी स्वतंत्र तुकडी घेऊन वनपर्तीला गेले होते. १८६८ च्या ग्रहणात हिंदी माणसाचा अभिमान शोधायचाच असेल तर तो तिथे सापडेल. त्यांचं नाव असलेला मजकूर मात्र मला अजून एकाही गटावर आलेला नाही.

‘साहेबाचे ओटे हा पुरावा आहे’

आहेच. पण कशाचा?

२२ जानेवारी १८९८ रोजी आणखी एक खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानावरून गेलं. या वेळी पट्टा रत्नागिरी-देवगडच्या किनाऱ्यावरून आत शिरत होता आणि महिना होता पौष: कोरडी हवा, स्वच्छ आकाश. लॉकियर तोवर सर झाले होते, वयाची साठी ओलांडलेले, मोठे अधिकारी. हिंदुस्थान त्यांना नवा नव्हता. १८७१ च्या डिसेंबरात ग्रहणासाठीच ते केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर येऊन गेले होते. १८९६ साली नॉर्वेच्या टोकाला युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी सगळी तयारी केली आणि ऐन वेळी ढग आले. ते दुःख ताजं असताना त्यांनी निवडलेलं पुढचं ठिकाण म्हणजे आपला विजयदुर्ग.

निवड का झाली असेल हे बंदरात उभं राहिलं की समजतं. वाघोटण खाडीच्या मुखाशी खोल पाणी, त्यामुळे मेल्पोमीन ही युद्धनौका जवळ आणता आली. जड पेट्या बैलगाडीवर न चढवता होडीतून उतरवता आल्या. नौकेवरचे अधिकारी आणि खलाशी हे मदतनीस म्हणून आयते मिळाले. ग्रहणाची खग्रास अवस्था इथे जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात कोणी काच बदलायची, कोणी सेकंद मोठ्याने मोजायचे, कोणी प्रभामंडलाचं (सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचं) चित्र काढायचं, याची त्यांनी खलाशांकडून कवायत करून घेतली होती. आकाशाने या वेळी दगा दिला नाही.

आणि आता ओटे. लोलक (प्रिझम) बसवलेले मोठे कॅमेरे हे त्या मोहिमेचं मुख्य हत्यार होतं. सूर्य सरकतो तसा प्रकाश कॅमेऱ्यात नेमका पाडायला फिरता आरसा लागतो. हे सगळं मातीवर ठेवलं आणि शेजारून कोणी चालत गेलं तरी चित्र हलतं. म्हणून पक्के चौथरे बांधावे लागतात. तेव्हा ओट्यांच्या जोडीला ठेवायला १८९८ चा छापील अहवाल आहे, १८६८ चा काहीच नाही. जागेवरची वास्तू आणि कागद एकमेकांना धरून बोलू लागले की आम्ही मंडळी खूश होतो. गावोगावी असं सहसा होत नाही: कुठे कागद असतो तर वास्तू गेलेली, कुठे वास्तू असते तर कागद वाळवीने खाल्लेला. विजयदुर्गाला दोन्ही आहे, आणि आपण त्यावर तारीख तिसरीच लिहितो.

‘बरं, मग १८९८ ला तरी हेलियम सापडला’

ही सुधारित आवृत्तीही आता फिरते आहे. विल्यम रॅमसे यांनी १८९५ च्या मार्चमध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम पृथ्वीवरच वेगळा काढून दाखवला होता. म्हणजे लॉकियर विजयदुर्गाच्या बंदरात उतरले तेव्हा तो वायू प्रयोगशाळेत बाटलीबंद होऊन तीन वर्षं होत आली होती. इथे त्यांनी सूर्याच्या कडेच्या पातळ थराच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली आणि त्या थराच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा असतातच. विजयदुर्गाचं हेलियमशी नातं म्हणायचं तर ते इतकं.

‘ही गोष्ट दडवून ठेवली’

हा मुद्दा दोन ओळींत संपतो. मोहिमेचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला आहे आणि विजयदुर्गाचं नाव त्याच्या शीर्षकात आहे. दडवलं कोणी नाही, वाचलं आपण नाही.

‘इतिहास मंडळं काय करतात?’

एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारलं, ‘गावाचा नाव मोठा होता, तर तुमच्या पोटात कित्याक दुखता?’ प्रश्न रागाचा असला तरी प्रामाणिक आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात किल्ल्याबद्दल माया आहे हे मला कळतं.

माझं म्हणणं असं, की चुकीची तारीख ही सातबाऱ्यावर पडलेल्या चुकीच्या गट नंबरासारखी असते. जमीन आपलीच, कसतोही आपण, पण वाद उभा राहिला की कागद दुसऱ्याच्या बाजूने बोलतो. विजयदुर्गाच्या बाबतीत तर ही वेळ फार लांब नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांत तो जागतिक वारसा यादीत गेला. यापुढे बाहेरून अभ्यासक येतील, फलक वाचतील, विचारतील. १८६८ हा दावा त्यांनी पाच मिनिटांत खोडला, तर त्याच फलकावरच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही ते संशयाने बघतील. खऱ्या गोष्टी तर ढीगभर आहेत. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला आणि मराठा आरमाराचं कंबरडं मोडलं, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून. हा आपल्याला न आवडणारा इतिहास, पण मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितींना तो ठाऊक असतो? खाडीच्या आतल्या आरमारी गोदीकडे तर किल्ला बघून परतणारी गाडी वळतही नाही.

मंडळाचं काम विचाराल तर ते कंटाळवाणं आहे. ओट्याची लांबी-रुंदी टेपने मोजायची. मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो घ्यायचा. कोणत्या बाजूला चिरा, कुठे चुना, कुठे नंतर थापलेलं सिमेंट हे लिहून ठेवायचं. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं ‘ऐकलेलं’ म्हणूनच लिहायचं, ‘घडलेलं’ म्हणून नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे हौसेने रंग देणं, ओट्यांवर फरशी बसवणं, नावाची पाटी ठोकणं यातलं काहीही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, हे उत्साही तरुणांना पुन्हा पुन्हा समजावणं हाही त्याच कामाचा भाग. यातून कोणाचा ऊर भरून येत नाही, मान्य आहे.

दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, मुलं येतात, विज्ञानाबद्दल चार शब्द ऐकतात. तो बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्या दिवशी गुंटूर, जान्सन, रघुनाथाचारी आणि ती पिवळी रेषा यांच्याबद्दल बोलावं. आणि २२ जानेवारीला, उन्हात बसवेल अशा हवेत, त्याच मुलांना ओट्यांपाशी नेऊन १८९८ ची ती दोन मिनिटं सांगावीत. पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला हेही त्याच ग्रहणासाठी सोलापूरकडच्या जेऊरला उपकरणं लावून बसले होते, हेही सांगावं.

एक काम अजून शिल्लक आहे, आणि ते मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनाच जमण्यासारखं आहे. त्या जानेवारीत पेट्या कोणी वाहिल्या, होड्या कोणाच्या होत्या, ओट्यांना चिरे कोणी पुरवले, साहेबाच्या तळावर दूध-मासळी कोण पोचवत होतं, याबद्दल इंग्रजी अहवालातून कितीसं कळणार? ते कळलं तर विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर इथल्या घरांतल्या वह्यांतून, पावत्यांतून, खोतांच्या हिशेबांतून कळेल. माळ्यावरच्या ट्रंकेत १८९७-९८ च्या आसपासचा मोडीतला एखादा कागद दिसला तर तो फेकू नका, चिकटपट्टी लावू नका, घरातून हलवूही नका. गावातल्या मंडळाला कळवा. माणसं तुमच्या ओसरीवर येऊन फोटो काढतील आणि कागद तुमच्याच हातात परत देतील.