लटकणारं चुंबक बघा, मग बोला

भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी सापडलेला व्हिडिओ पाठवला. त्याआधी तो मला तिघांकडून येऊन गेला होता. काळी सिरॅमिक चकती (सुपरकंडक्टर, म्हणजे पुरेसा थंड केला की वीज विरोधाशिवाय वाहू देणारा पदार्थ), द्रव नायट्रोजनचे लोट, वर तरंगणारं चुंबक आणि निवेदकाचे चार दावे: सुपरकंडक्टरमध्ये चुंबकीय फ्लक्स, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्ररेषा, शिरूच शकत नाही, पूड दाबून भट्टीत भाजलेल्या साध्या चकतीतूनही हवा तेवढा प्रवाह नेता येतो, अडकलेलं चुंबकत्व कधीच ओसरत नाही, आणि म्हणून फुकट वीज. पहिलं वाक्य भाचीने वहीत उतरवलंही होतं. खोडायला लावलं.

कारण तो दावा त्याच व्हिडिओत खोटा पडतो. शेवटी चकती उलटी धरली आहे आणि चुंबक खाली लटकलंय. फ्लक्स आत शिरलाच नसता, तर चकतीने चुंबकाला नुसतं ढकललं असतं आणि ते पडलं असतं. ते लटकतं, कारण फ्लक्स बारीक भोवऱ्यांच्या (भोवती प्रवाह फिरणाऱ्या फ्लक्सच्या दोऱ्यांच्या) रूपात आत शिरून स्फटिकातल्या दोषांवर अडकून बसलाय. भाजलेल्या दाणेदार, म्हणजे असंख्य बारीक स्फटिक चिकटून बनलेल्या, चकतीत तर तो आणखी लवकर शिरतो. विटांची भिंत आधी सांध्यांतून झिरपते ना, तसंच. दाण्यांमधले जोड अतिशय दुबळे, तिथे काही गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रही पुरतं. दाण्याच्या आत जायला कितीतरी जास्त लागतं.

चकती क्षेत्राशिवाय थंड केली आणि मग अगदी क्षीण क्षेत्र लावलं, तर ती जवळजवळ सगळा फ्लक्स बाहेर ठेवते, हे मान्य. पण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये फ्लक्स बाहेर फेकला जाताना पाहिला तो शिसं आणि कथिलात, असल्या चकतीत नव्हे.

हव्या तेवढ्या प्रवाहाचं उत्तर १९८८ मध्येच मिळालंय. आयबीएमच्या दिमॉस, चौधरी, मानहार्ट आणि लगूस यांनी यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या सुपरकंडक्टर सिरॅमिकचे दोन स्फटिक एकमेकांना कोनात जोडले. कोन वाढला तसा सीमा ओलांडू शकणारा प्रवाह घसरत गेला, मोठ्या कोनांना दाण्याच्या आतल्या प्रवाहाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. ही तर एकच सीमा! भाजलेल्या चकतीत असंख्य दाणे, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. उगीच नाही तारेसारख्या वापरायच्या आजच्या सुपरकंडक्टर पट्ट्यांमध्ये दाणे काही अंशांच्या आत एका दिशेला लावत.

ओसरण्याचं म्हणाल तर उष्णतेच्या धक्क्यांनी भोवरे जागा सोडतात. पहिल्या दहा मिनिटांपासून शंभरापर्यंत जेवढी घट, साधारण तेवढीच शंभरापासून हजारापर्यंत. हळू, पण ओसरतं.

राहिली फुकट वीज. विजेला होणारा विरोध शून्य असणं म्हणजे ऊर्जा तयार होणं नव्हे. उलट चुंबक जवळ-लांब केलं की भोवरे आत-बाहेर रेटले जातात, चकती तापते आणि नायट्रोजन आणखी भराभर उडतो. तो पुन्हा ओतायचा, तेव्हा वीज कुणाची जळते?