किराणा कोण भरते?

बाजारात, लग्नात, अगदी मयतीलाही पोरं मला बाजूला घेऊन एकच विचारतात, "भाऊ, शेअर बाजारात कोनतं इंडिकेटर लावता तुमी?" म्हणजे भाव चढेल की पडेल याचा अंदाज देणारं चार्टवरचं कोणतं गणित वापरता. मी म्हणतो, "तुह्या घरचा किराणा कोन भरते, ते सांग आधी." त्यांना वाटते मी विषय टाळतो.

गेली काही वर्षं मार्चअखेर माझं ट्रेडिंगचं खातं नफ्यात राहते. नफा फार नाही. चांगल्या साली कोरडवाहू वावरात जेवढं उरते, साधारण तेवढाच. त्याआधीची बरीच वर्षं मात्र खातं लालच होतं, आणि त्या काळात घर चाललं ते बायकोच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पगारावर. पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहराच उतरतो. त्यांना कँडलचं, म्हणजे चार्टवरच्या भावाच्या नक्षीचं, नाव पाहिजे असते.

पण हिशेब बघा. महिन्याचा शेवट आहे, ट्रॅक्टरचा हप्ता आहे, आणि पैसा आजच बाजारातून काढायचा आहे. अशा वेळी थोडा नफा दिसला की माणूस घाईनं सौदा कापतो, आणि तोट्यातला सौदा "येईल वर" म्हणत धरून बसतो. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा जिथं थांबवायचा तो भाव, कुठं लावायचा हे त्यालाही माहीत असते. तो लागू द्यायची ऐपत नसते. आज मी कित्येक दिवस स्क्रीन बघून एकही सौदा न घेता उठतो. ते शहाणपण पुस्तकातून आलं नाही, भाजीपाल्याची चिंता नव्हती म्हणून आलं.

आपल्याकडं पैसा येतो तोही एकदम. सोयाबीन निघालं, अडत्याकडून पट्टी मिळाली की दिवाळीच्या सुमारास खात्यात रक्कम दिसते, आणि त्यातली निम्मी सरळ ऑप्शनमध्ये जाते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावानं घ्यायचा-विकायचा मुदतीचा हक्क, आणि त्याची किंमत म्हणजे प्रीमियम. तो विकत घेणं स्वस्त वाटते. पण बाजार जागेवर थांबला तरी प्रीमियम रोज वितळत राहतो, आणि एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायची तारीख, जवळ आली की झपाट्यानं. नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या करारांसाठी निफ्टी या शेअर निर्देशांकाचा लॉट, म्हणजे एका सौद्यात कमीत कमी घ्यावे लागणारे नग, 25 वरून 75 झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या प्रीमियमला अडीच हजाराऐवजी साडेसात हजार. मला वाटलं, आता तरी पोरं थांबतील. कायचं काय! हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे त्यात गेले.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले होते: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शनमधल्या एक कोटीहून जास्त सामान्य ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावणारे फक्त 1 टक्का. हे आकडे मी दाखवतो तेव्हा प्रत्येक जण स्वतःला त्या एका टक्क्यात धरतो. आणि कोर्स विकणारे तर त्यांना आधीच तिथं बसवून ठेवतात.

एक गंमत सांगतो. आमच्या पोरांना शेंग हातात घेतली की सोयाबीनचा उतारा कळते. पण सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे डिसेंबर 2021 मध्ये थांबवले गेले आणि बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. ज्यातलं कळते तिथं दार बंद, आणि ज्या बँकांच्या ताळेबंदाचं पान कधी उलटलं नाही त्यांच्या निर्देशांकावर मोबाईलवरून पैसे लावायला मोकळीक. सरकारचं काय कारण असेल ते असो, मला हे उरफाटं वाटते.

ट्रेडिंग करूच नका, असं मी म्हणत नाही. घरात दुसरी मिळकत असेल, दुधाची, दुकानाची, नोकरीची, तर शिका. रोख बाजारात थोड्या शेअरपासून शिका, आणि ब्रोकरचं लेजर, म्हणजे खात्यातल्या पैशाचा सगळा हिशेब, दर महिन्याला घरच्यांसमोर ठेवा. शेत गहाण टाकून शिकायला निघालेल्याला मी काहीच शिकवणार नाही. राग आला तरी चालेल.

नफ्याचे स्क्रीनशॉट मी टाकत नाही. ज्याला पाहायचं असेल त्यानं घरी येऊन तोट्याच्या वर्षांसकट सगळं लेजर पाहावं. सध्या तूर सोंगणं चालू आहे, म्हणून रविवारी संध्याकाळीच या.